शुक्रवारचा धुतलेला आवाज

उमाकांत परुळेकरांचं नाव निघालं की रियाधमधली आपली माणसं हटकून म्हणतात, "काय आवाज होता हो त्यांचा!" ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. होता ना आवाज, कोण नाही म्हणतंय? पण त्या आवाजामागे एक अख्खा माणूस होता आणि अजून आहे. आणि शेवटचे चार महिने तुम्ही जो ऐकलात, ज्याला माना डोलावल्यात, तो त्यांचा आवाज नव्हताच. तो मी केलेला होता.

मी अर्चना. बँकेत सॉफ्टवेअर तपासायचं काम करते. दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायच्या आणि आरडाओरडा करायचा, हीच माझी नोकरी. नवरा प्रसाद म्हणतो, घरीही हेच करतेस, तिथे पगार तरी मिळतो. लग्नाआधी पुण्यात दोन वर्षं एका रेकॉर्डिंग स्टुडिओत साउंडचं काम केलं होतं. तेवढ्या भांडवलावर मी इथे रेडिओची प्रोड्यूसर झाले.

रेडिओ म्हणजे फार मोठं काही समजू नका. मलझ भागात बदरुद्दीनभाईंचा एक छोटा स्टुडिओ आहे. हे हैदराबादचे. आठवडाभर तिथे सुपरमार्केटच्या जाहिराती रेकॉर्ड होतात. शुक्रवारी दुपारी, जुम्म्याची नमाज झाली की तीन ते पाच तो स्टुडिओ आमचा. कार्यक्रमाचं नाव 'शुक्रवार मैदान'. मोबाइलवर ऐकायचा इंटरनेट रेडिओ. इथे शहराबाहेरच्या माळांवर शुक्रवारी पहाटेपासून आपल्या लोकांचे क्रिकेटचे सामने चालतात. इस्पितळांच्या टीम, बँकांच्या, बांधकाम कंपन्यांच्या. कोण जिंकलं, कोणाला अंपायरने ढापलं, कोणी सोपा कॅच सोडला, त्याचा पंचनामा आमच्या कार्यक्रमात व्हायचा. लोक फोन करून भांडायचे. कार्यक्रम हिंदीत आणि शेवटची दहा मिनिटं मराठीत.

आणि या सगळ्या भांडणांच्या मधोमध उमाकांतदादा.

मूळचे कुडाळचे. कॉलेजात असताना गावोगावच्या टेनिस बॉलच्या स्पर्धांत कॉमेंट्री करायचे. शेतात मांडव, चार भोंगे, आणि हातात माइक घेऊन दिवसभर हे. पुढे लॅब टेक्निशियनचा कोर्स केला आणि रियाधच्या एका मोठ्या सरकारी इस्पितळात आले. एकोणीस वर्षं तळघरातल्या लॅबमध्ये. ऑपरेशनमध्ये काढलेला तुकडा मेणात बसवायचा, केसापेक्षा पातळ कापायचा, काचेवर घ्यायचा, रंगवायचा. मग डॉक्टर तो दुर्बिणीखाली बघणार. बायको अनुराधावहिनी आणि मुलगा ध्रुव आधी इथेच होते. ध्रुव आठवीत गेला तेव्हा ते दोघं कुडाळला परतले, वहिनींना तिथल्या शाळेत नोकरी मिळाली. दादा एकटे राहिले.

गंमत म्हणजे हा बोलका माणूस आठवडाभर जवळजवळ मुका असायचा. लॅबमध्ये कोणाशी बोलणार, मेणाशी? खोलीत एकटेच, रात्री घरी फोन करायचे तेवढाच. "शुक्रवारासाठी साठवून ठेवतंय गो," म्हणायचे. शुक्रवारी मेट्रोतून उतरून, डब्यात स्वतः केलेले कांदेपोहे घेऊन स्टुडिओत यायचे, लाल दिवा लागला की एकदम मोकळे सुटायचे.

माइक चालू असताना आम्हाला बोलता येत नाही, म्हणून आमच्या खुणा ठरलेल्या होत्या. मी काचेच्या अलीकडे, ते पलीकडे. फोनवरच्या माणसाला कापायचं की बोलू द्यायचं, ते दादा पेन्सिलीने सांगायचे. टेबलावर दोनदा टकटक केली की काप. एकदाच टक केलं की कापू नको, बोलू दे.

आता मी कशी, कोणी लांबण लावली की माझं बोट बटणावर. रास तनुराचा एक इसहाक नावाचा क्रेन ऑपरेटर दर शुक्रवारी फोन करायचा आणि एकाच एलबीडब्ल्यूवर पंधरा पंधरा मिनिटं दळण दळायचा. तो निर्णय होऊन दोन वर्षं झाली होती! मी काचेतून डोळे वटारायची. दादा पेन्सिल उचलायचे, एकदा टक. बस्स. एकदा कार्यक्रमानंतर मी चांगलीच भडकले. म्हटलं, "दादा, त्या माणसापायी बाकीचे कॉल जातात. कशाला डोक्यावर चढवून ठेवलाय?" ते डबा धूत होते. म्हणाले, "अर्चना, तो आठ दिवस वर त्या क्रेनच्या केबिनमध्ये एकटा असतो. एलबीडब्ल्यू हे आपलं निमित्त आहे गो. बोलांदे तेका." मी गप्प बसले. मला गप्प बसवणारी माणसं कमी आहेत.

गेल्या ऑक्टोबरात त्यांचा आवाज बसला. सीझन नुकताच सुरू झाला होता. सकाळी मैदानावर ओरडलात ना, मी म्हटलं. म्हणाले, "आवाज बसलो हा, मी नाय." मी हसले, आणि जे कुठलाही साउंडवाला करेल तेच केलं. लॅपटॉपवर आवाज साफ करायचं सॉफ्टवेअर आहे. त्यातली घरघर काढता येते, वरची खरखर खाली घेता येते, खालचा भारदस्तपणा वर आणता येतो. त्यातून निघालेला आवाज हवेत जातो. तोच बोलणाऱ्याच्या हेडफोनमध्येही परत येतो, त्यामुळे त्यालाही बोलायला हुरूप येतो. बदरुद्दीनभाईंनी बघितलं आणि म्हणाले, "क्या बाई, आवाज को लाँड्री में डाल रे क्या?" तेव्हापासून आमच्यात त्याला नावच पडलं, आवाज धुणं.

पुढच्या शुक्रवारीही धुवावा लागला. त्याच्या पुढच्याही.

प्रत्येक शुक्रवारची सेटिंग मी एका वहीत लिहून ठेवते. सवय आहे, बँकेतली. घरघर काढायचं बटण पहिल्या आठवड्यात दोनवर होतं. नोव्हेंबरात तीन, मग चार. डिसेंबरात सहा. जानेवारीच्या शेवटी आठ. माझ्याच अक्षरात, तारीखवार लिहिलेलं आहे. बँकेत एखादी चूक अशी दर आठवड्याला वाढत गेली असती तर मी तिसऱ्या आठवड्यालाच लाल शेरा मारून मॅनेजरच्या टेबलावर नेऊन आपटली असती. इथे मी काय केलं? बटण पुढे सरकवलं. वर स्वतःवर खूश! काय सफाई आहे हातात, कोणाला पत्ताही लागत नाही.

कोणालाच लागला नाही, आणि दादांनाही नाही. डिसेंबरात एकदा मी म्हटलं होतं, "दादा, दाखवून या ना. इस्पितळात तर असता दिवसभर." हेडफोन गळ्यात अडकवून ते म्हणाले, "हिवाळ्याची कोरडी हवा, दुसरं काय? आणि माइकसमोर आलो की सुटतोच की आवाज. आता ऐकलास ना? माका काय धाड भरली हा?" माइकसमोर आवाज सुटत नव्हता, मी सोडवत होते. तेवढं त्यांना त्या क्षणी सांगायला हवं होतं. मी म्हटलं, "हो, तेही खरं." आणि पोह्यांचा डबा पुढे ओढला.

फेब्रुवारीच्या पहिल्या शुक्रवारी लॅपटॉप अडून बसला. तीन वाजायला दोन मिनिटं, आणि सॉफ्टवेअर उघडेना. बदरुद्दीनभाई म्हणाले, सीधा छोड दो. सोडला. दोन तास दादांचा आवाज जसा होता तसा गेला. दादांनी हेडफोन लावले, पहिलं वाक्य बोलले आणि थबकले. काचेतून माझ्याकडे बघितलं. मी हाताने खूण केली, मशीन बिघडलंय. त्यांनी मान हलवली आणि पुढे बोलत राहिले. तो चेहरा मी विसरू शकत नाही.

साडेतीनला माझा मोबाइल वाजला. डॉक्टर स्मृती. पुण्याच्या आहेत, दादांच्याच इस्पितळात कान-नाक-घसा बघतात, गाडी चालवताना आमचा कार्यक्रम लावतात. कार्यक्रमात घ्यायचं का, मी विचारलं. म्हणाल्या, "नको. हे बोलणारे कोण आहेत? परुळेकर? लॅबमधले?" मी हो म्हटलं. "हा आवाज असा कधीपासून आहे?" मी म्हटलं, चार महिने. मग म्हणाल्या, "चार महिने? आणि मी दर शुक्रवारी ऐकतेय! रविवारी सकाळी आठला त्यांना माझ्या ओपीडीत पाठव. कारणं सांगायची नाहीत."

म्हणजे बघा. ज्या दिवशी मी हात लावला नाही, त्या दिवशी अर्ध्या तासात कळलं.

रविवारी, म्हणजे इथल्या आठवड्याच्या पहिल्याच दिवशी, त्यांनी नळी घालून बघितलं आणि मंगळवारी तुकडा काढला. तो तुकडा गेला कुठे? तळघरात, दादांच्याच लॅबमध्ये. सहकाऱ्याने म्हटलं, तुम्ही घरी जा, मी करतो. दादांनी ऐकलं नाही. स्वतःच्या घशाचा तुकडा स्वतः मेणात बसवला, स्वतः कापला, स्वतः रंगवला. मला नंतर सांत्वन करायला आल्यासारखे सांगत होते, "दुसऱ्याने जाड कापला असता गो. डॉक्टरला नीट दिसलं नसतं." एकोणीस वर्षं काचा बघितलेला माणूस. रिपोर्ट यायच्या आधीच त्यांना ठाऊक होतं.

कॅन्सर स्वरयंत्राचा होता. डॉक्टर स्मृतींनी मला वेगळं बोलावून नाही सांगितलं, दादांसमोरच सांगितलं. मीच सोबत गेले होते, दुसरं कोण होतं? जीव वाचेल, असं म्हणाल्या. पण स्वरयंत्र काढावं लागेल, पूर्ण. दादांनी विचारलं, "आणि आधी आलो असतो तर?" त्या खाली बघत म्हणाल्या, "नोव्हेंबर-डिसेंबरात आला असतात तर बहुतेक नुसत्या किरणांवर भागलं असतं. आवाज राहिला असता." दादा म्हणाले, "असूंदे." आणि त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं. मला वहीतलं डिसेंबरचं पान दिसत होतं. सहा.

नोकरी सोडायची ठरली. ऑपरेशन मुंबईत, मग कायमचं कुडाळला. इथून कायमचं जायचं म्हणजे खुरूजचा, देश सोडायच्या परवानगीचा, शिक्का लागतो. तोही आठ दिवसांत लागला. एरवी महिना महिना रखडवतात, या वेळी कशी कोण जाणे घाई सुचली त्यांना.

शेवटच्या शुक्रवारी ते आले. डबा होता, पोहे होते. लॅपटॉप दुरुस्त झाला होता. मी बटणाला हात घातला तशी त्यांनी काचेवर टिचकी मारली. म्हणाले, "आज धुव नको हां. तसोच जावंदे." गेला तसाच. शेवटच्या दहा मिनिटांत त्यांनी मराठीत एका जुन्या सामन्याची कॉमेंट्री केली, कुडाळजवळच्या कुठल्याशा शेतातली. शेवटचा बॉल, तीन रन हवेत, फलंदाजाच्या पायात चप्पल. आवाज मध्येच फाटायचा, ओढ घ्यायचा, परत यायचा. फोनवर इसहाक होता. त्याला मराठीचं ओ की ठो कळत नाही. तरी शेवटी "फिर क्या हुआ?" म्हणून रडायला लागला. दादांनी त्याला सांगितलं, कॅच सुटला, आपण जिंकलो.

मार्चमध्ये ऑपरेशन झालं. घशाला भोक पाडलंय, त्यातूनच श्वास. पुढे एक छोटं यंत्र बसवून थोडंफार बोलता येईल म्हणतात, त्याला अजून वेळ आहे. मला मेसेज यायचे, जेवलीस का, तुझ्या लेकीची, स्वानंदीची परीक्षा कशी झाली, इसहाकचा फोन घेतेस ना. कार्यक्रम आता मीच चालवते, बोलायलाही मीच बसते. लोक म्हणतात, बरा चाललाय. जाऊ दे.

जूनमध्ये एका रविवारी संध्याकाळी वहिनींचा फोन आला. मी नुकती बँकेतून आले होते, अबाया काढून दारामागे टांगत होते. वहिनी म्हणाल्या, "अर्चना, एक मागू का? ह्यांच्या कार्यक्रमाची रेकॉर्डिंग तुझ्याकडे असतील ना? मला हवीत. घर फार शांत झालंय गं."

म्हटलं, "पाठवते ना वहिनी. सगळी आहेत."

"जुनी तर पाठवच. पण ते शेवटचे चार महिने आहेत ना, ऑक्टोबरपासूनचे, ते आधी पाठव." त्या सांगत राहिल्या. "तेव्हा फोनवर आवाज इतका घोगरा यायचा ह्यांचा. मी विचारायचे, तर म्हणायचे, नेट खराब आहे. मला खरं वाटायचं नाही. मी शुक्रवारची वाट बघायचे. रेडिओवर ऐकलं की इतका स्वच्छ यायचा! माझा जीव भांड्यात पडायचा. म्हटलं, चला, नेटच खराब आहे. डिसेंबरात डॉक्टरकडे जा म्हणून मागे लागणार होते, ते राहून गेलं. रेडिओवर तर किती छान होता बघ. तोच आवाज मला हवाय."

मी पलंगावर बसले. माझ्याकडे प्रत्येक शुक्रवारची दोन दोन रेकॉर्डिंग आहेत. एक कोरं, एक धुतलेलं. धुतलेलं पाठवलं असतं तर कोणाला काय कळणार होतं? वहिनी उरलेलं आयुष्य ते ऐकत बसल्या असत्या आणि मला दुवा दिला असता. प्रसाद पाण्याचा ग्लास घेऊन दारात उभा होता, त्याने मानेनेच विचारलं, काय झालं? मी त्याला हाताने थांबवलं.

मी म्हटलं, "वहिनी, तो आवाज त्यांचा नव्हता."

"म्हणजे?"

मग मी सगळं सांगितलं. लाँड्री, बटण, वही. दोन, तीन, चार, सहा, आठ. डिसेंबरात त्या मागे लागणार होत्या, आणि डिसेंबरात बटण सहावर होतं. दादांनाही हेडफोनमध्ये तोच साफ केलेला ऐकू जायचा, म्हणून ते गेले नाहीत. त्या चार महिन्यांनंतर पहिल्यांदा आवाज कोरा गेला, आणि त्याच दिवशी डॉक्टरांनी ओळखलं. सांगताना मी एकदाही थांबले नाही, कारण थांबले असते तर परत तोंड उघडता आलं नसतं.

माझं संपलं. पलीकडे पंखा चालल्याचा आवाज येत होता. कार्यक्रमात पाच सेकंद शांतता झाली तर मी घाबरून जाहिरात लावते. इथे लावायला काही नव्हतं.

"तुला ऐकू येत होतं," वहिनी म्हणाल्या. आवाज चढवला नाही, शाळेतल्या बाई फळ्यावरचं वाचतात तसं म्हणाल्या. "रोज त्यांच्याशी मी बोलायचे. पण खरा आवाज तुला ऐकू येत होता, अर्चना."

"हो."

पुन्हा पंखा. मला वाटलं, आता फोन ठेवतील. ठेवायलाच हवा होता, मी असते तर ठेवला असता, वर चार शब्द सुनावले असते.

आणि मग ऐकू आलं. टक.

मला माहीतच नव्हतं की फोन स्पीकरवर आहे. मला माहीत नव्हतं की दादा तिथेच बसलेत, त्यांनी सगळं ऐकलंय. लाकडावर पेन्सिल. तीच ती. मी दुसरीची वाट बघत बसले. दोनदा वाजली की काप, हा नियम त्यांनीच केला होता, आणि मला कापायचा सगळा हक्क त्यांना होता. मी मनात मोजत होते. पाच झाले, दहा झाले.

दुसरी वाजली नाही.

"हे काय आपटताय टेबलावर?" वहिनी त्यांना म्हणत होत्या. "काय हवंय? पाणी हवंय का?" मग मला, "अगं, हे पेन्सिल आपटून हाताने तुझ्याकडे दाखवतायत. काय म्हणायचंय यांना?"

प्रसादने ग्लास पुढे केला, मी तो तसाच हातात धरून बसले.

"वहिनी," मी कसंबसं म्हटलं, "ते म्हणतायत, कापू नको. बोलू दे तिला."

खुर्ची ओढल्याचा आवाज आला, त्या बसल्या असाव्यात.

"बोल मग," त्या म्हणाल्या.